डिले घ्यावा की रिव्हर्ब? इलेक्ट्रिक गिटारसाठी पेडल निवडण्याची पायरी-पायरीने पद्धत

पेडल, म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये जोडून पायाने चालू-बंद करायचा इफेक्टचा डबा, घ्यायचं ठरलं की बहुतेक जण वैशिष्ट्यांची यादी उघडून बसतात. किती मोड आहेत, किती सेकंदांचा डिले मिळतो, किती प्रीसेट, म्हणजे ठरवून ठेवलेली सेटिंग्ज, साठवता येतात. या यादीवरून पेडल निवडू नये, असं माझं ठाम मत आहे. डिले आणि रिव्हर्ब हे दोन्ही मूळ स्वराच्या मागे उभे राहणारे आवाज आहेत. ते मागे राहिले तर गिटार मोठी आणि खोल वाटते. पुढे घुसले तर वाजवणाऱ्याची बोटं ऐकूच येत नाहीत. म्हणून कोणतंही पेडल हातात आलं की आधी एवढंच बघायचं, की ते तुमच्या स्वराला जागा ठेवतं का. पुढच्या सगळ्या पायऱ्या हेच तपासण्यासाठी आहेत.

पायरी १ : फरक कानाने ओळखा

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुमच्यापासून १७ मीटरवर मोठी भिंत असेल तर टाळीचा आवाज तिथे जाऊन परत यायला सुमारे १०० मिलिसेकंद लागतात आणि तो वेगळा, सुटा ऐकू येतो. डिले पेडल हेच करतं. तुमचा स्वर साठवून ठेवतं आणि ठरावीक वेळाने परत वाजवतं, एकदा किंवा अनेकदा.

बंद खोलीत मात्र एक भिंत नसते. जमीन, छत, चारही भिंती, सामानसुमान अशा सगळ्या ठिकाणांहून हजारो पडसाद इतक्या दाटीने येतात की कान ते सुटे करू शकत नाही. साधारण ३० ते ४० मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा आवाज कान बहुधा पहिल्यातच मिसळून टाकतो. त्यामुळे आपल्याला पडसाद ऐकू येत नाहीत, जागा ऐकू येते. हा रिव्हर्ब.

घरी एक प्रयोग करा. पिकने एकच तुटक स्वर वाजवा आणि लगेच तळव्याने तार दाबून टाका. त्यानंतर जी शांतता उरते ती तुम्हाला कशाने भरावीशी वाटते? तोच स्वर ठेक्यात पुन्हा यावा असं वाटलं तर तुम्ही डिले शोधताय. स्वर विरत जावा, पण नेमका कुठे संपला ते कळू नये असं वाटलं तर रिव्हर्ब. हे उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी २ : तुमच्याकडे आधीच काय आहे ते लिहून काढा

कागदावर चार गोष्टी लिहा.

पहिली, अ‍ॅम्पमध्ये रिव्हर्ब आहे का. असेल आणि तुम्हाला आवडत असेल, तर अर्धा निर्णय झाला. दुसरी, तुमचं डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, कुठून येतं, पेडलमधून की अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पमधून. तिसरी, अ‍ॅम्पच्या मागे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक, म्हणजे इफेक्ट्स लूप (अ‍ॅम्पच्या डिस्टॉर्शननंतर पेडल जोडायची सोय) आहे का. चौथी, तुमच्या पॉवर सप्लायवर एखादं रिकामं आउटपुट आहे का आणि ते किती मिलिअँपिअर देऊ शकतं.

यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट एकत्र वाचायची. अ‍ॅम्पच्या गेन चॅनलवर, म्हणजे डिस्टॉर्शन देणाऱ्या बाजूवर, वाजवणाऱ्याकडे इफेक्ट्स लूप नसेल, तर कितीही महागडा डिले अ‍ॅम्पच्या आधी लावून तो नीट वाजणार नाही. त्याचं कारण पायरी ७ मध्ये आहे, पण खरेदीआधी हे माहीत हवं. अशा वेळी अ‍ॅम्प क्लीन (न फाटलेला) ठेवून डिस्टॉर्शन पेडलमधून घ्यायची तयारी हवी.

पायरी ३ : एकच घ्यायचं तर आधी कोणतं?

बहुतेकांना मी डिले आधी घ्या असं सांगतो. डिलेची वेळ १०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवली, पडसाद एकदोनच ठेवले आणि मिक्स, म्हणजे मूळ स्वरात मिसळणाऱ्या इफेक्टचं प्रमाण, अगदी खाली आणला, तर स्वराभोवती छोट्या खोलीसारखी हवा तयार होते. म्हणजे डिले रिव्हर्बचं थोडंफार काम करू शकतो. रिव्हर्बला मात्र डिलेचं काम जमत नाही, कारण त्यात ठेका नसतो. शिवाय तुम्ही ज्या खोलीत किंवा सभागृहात वाजवता तिथला स्वतःचा रिव्हर्ब असतोच. ठेक्यातला डिले कोणतीही खोली देत नाही.

याला अपवाद आहेत. अ‍ॅम्पमध्ये रिव्हर्ब नाही आणि तुम्ही क्लीन आवाजात कॉर्ड, आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकेक करून) किंवा सर्फ संगीत वाजवता, तर रिव्हर्बच आधी घ्या. हेडफोन लावून किंवा थेट रेकॉर्डिंग इंटरफेसमध्ये गिटार जोडून वाजवणाऱ्यांनाही तेच सांगेन. खोली नसलेली गिटार कानाला फार कोरडी लागते आणि अशा आवाजात सराव करायचाही कंटाळा येतो.

पायरी ४ : डिलेच्या तीन जाती

टेप. सुरुवातीच्या यंत्रांमध्ये स्वर चुंबकीय टेपवर रेकॉर्ड होऊन पुढच्या हेडवर वाजत असे. एकोप्लेक्समध्ये हेड सरकवून वेळ बदलायची. १९७४ च्या रोलँड आरई-२०१ स्पेस एकोमध्ये तीन प्लेबॅक हेड होते आणि सोबत स्प्रिंग रिव्हर्बही होता. इटलीच्या बिन्सन एकोरेकमध्ये टेपऐवजी फिरणारं चुंबकीय ड्रम होतं. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरच्या सुरुवातीच्या काळातल्या आवाजात ते ऐकू येतं. या यंत्रांचे दोष म्हणजेच त्यांचं सौंदर्य. टेप किंचित कमीजास्त वेगाने फिरते, म्हणून पडसाद हलकासा डुलतो. प्रत्येक फेरीत वरच्या पट्टीची धार जाते आणि आवाज थोडा दाबला जातो. आज टेप डिले म्हणून मिळणारी बहुतेक पेडल्स हे सगळं डिजिटल प्रोसेसरने घडवतात. घेताना बघायचं ते हे की टेपचं डुलणं आणि तिची झीज यांना वेगळा नॉब आहे का. तो नसेल तर कारखान्यात ठरलेल्या डुलण्यावरच समाधान मानावं लागतं.

अ‍ॅनालॉग. १९६९ मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत बकेट ब्रिगेड सर्किट तयार झालं. आग विझवायला माणसं रांगेत उभी राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे देतात, तसा विद्युतभार एका कपॅसिटरमधून पुढच्यात ढकलला जातो. एमएन३००५ या प्रसिद्ध चिपमध्ये असे ४०९६ टप्पे असतात. घड्याळाचे ठोके सेकंदाला १० हजार असतील तर हे टप्पे पार करायला साधारण २०५ मिलिसेकंद लागतात. वेळ वाढवायची तर ठोके सावकाश करायचे किंवा आणखी चिप जोडायच्या. ठोके सावकाश केले की वरच्या कंपनसंख्या पकडता येत नाहीत. १० हजार ठोक्यांवर ५ हजार हर्ट्झच्या वरचं काही जाऊच शकत नाही आणि प्रत्यक्षात फिल्टर त्याच्याही आधी काप घेतात. म्हणून अ‍ॅनालॉग डिलेत वेळ वाढवत गेलात की पडसाद अधिक गडद, धूसर होत जातो.

ही मर्यादा मला फार मोलाची वाटते. गडद पडसाद आपोआप मूळ स्वराच्या मागे जातो. पिकचा टोकदार आवाज मूळ स्वरातच राहतो, पडसादात फक्त त्याचं अंग उरतं. १९८१ च्या बॉस डीएम-२ मध्ये कमाल वेळ ३०० मिलिसेकंद होती, एमएक्सआर कार्बन कॉपीमध्ये ६०० आहे. एवढ्यात पुष्कळ काम होतं.

डिजिटल. स्वराचे आकडे करून मेमरीत ठेवायचे आणि हवे तेव्हा परत काढायचे. पडसाद मुळाइतकाच लखलखीत येतो आणि वेळ कितीही लांबवता येते. १९८० च्या दशकात बॉस डीडी-२ ने हे तंत्र लहान पेडलमध्ये आणलं. पडसाद गिटारच्या भागात दुसऱ्या वाद्यासारखा गुंफायचा असेल तर हाच डिले हवा. यू२ बँडचा गिटारवादक द एजने हीच शैली जगभर पोचवली. तो जितकं वाजवतो त्यापेक्षा जास्त ऐकू येतं, कारण मधले स्वर डिले भरतो. पण हाच लखलखीतपणा सोलोत अडचण करतो. मूळ स्वर आणि पडसाद एकाच जागेसाठी भांडू लागतात. म्हणून डिजिटल डिले घेताना त्यावर टोन किंवा फिल्टरचा नॉब आहे का ते बघाच.

आवाज २० हजार हर्ट्झपर्यंत स्वच्छ जातो अशी जाहिरात वाचून निर्णय घेऊ नका. गिटारच्या अ‍ॅम्पचा स्पीकर ५-६ हजार हर्ट्झच्या वर झपाट्याने ढासळतो. तिथवर आवाज नीट असला की पुरे.

अ‍ॅनालॉगच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त पेडल्समध्ये पीटी२३९९ ही चिप असते. ती डिजिटलच आहे, पण लांब वेळेला तिचा आवाज खरखरीत आणि गडद होतो. त्यात वाईट काही नाही, मला तो आवाज आवडतोही. फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं.

पायरी ५ : किती मिलिसेकंद लागतील याचा हिशोब करा

मला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि इथेच बहुतेक जण घाई करतात. तुम्ही वाजवता त्या गाण्यांचे बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, ते घ्या. ६०,००० ला बीपीएमने भागलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. १२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा होतो. त्याच्या निम्मे, म्हणजे २५०, ही आठवी मात्रा. ठोक्याच्या पाऊणपट, म्हणजे ३७५, ही डॉटेड आठवी. ती आठव्या मात्रांच्या वाजवण्यात अडकवली की सोळाव्या मात्रांची धावती विण तयार होते.

आता तुमच्या संगीताकडे बघा.

रॉकाबिली, कंट्री किंवा जुन्या रॉक अँड रोलचा स्लॅपबॅक हवा असेल तर ८० ते १४० मिलिसेकंद आणि एकच पडसाद लागतो. एल्व्हिस प्रेस्लीचा गिटारवादक स्कॉटी मूरचा तो उडता आवाज रे बट्सने बनवलेल्या एकोसॉनिक अ‍ॅम्पमधून यायचा. त्या अ‍ॅम्पच्या आतच टेप एको बसवलेला होता. या कामासाठी ३०० मिलिसेकंदांचं साधं अ‍ॅनालॉग पेडल भरपूर झालं.

सोलो जाड करायचा असेल तर ३५० ते ५०० मिलिसेकंद, दोन ते चार पडसाद आणि मिक्स कमी. इथे वेळ ठेक्याशी तंतोतंत जुळली नाही तरी चालते. उलट किंचित निसटती ठेवली तर पडसाद ड्रमच्या आड लपत नाही.

डॉटेड आठवी हवी असेल तर गणित करा. ६०० मिलिसेकंदांच्या पेडलवर ती ७५ बीपीएमपर्यंत मिळते, त्याहून संथ गाण्यात नाही. पूर्ण ठोक्याचा डिले त्याच पेडलवर १०० बीपीएमपर्यंतच मिळेल. तुमची संथ गाणी ६५-७० बीपीएमची असतील तर एक सेकंदाच्या आसपास वेळ देणारं पेडल बघा.

अँबियंट वाजवणाऱ्यांना दोन सेकंद किंवा त्याहून जास्त लागेल. बाकीच्यांना लागत नाही.

ठेक्यातला डिले वापरणार असाल तर टॅप टेम्पो, म्हणजे पायाने ठोके देऊन वेळ ठरवायची सोय, सोडू नका. नॉब फिरवून ३७५ मिलिसेकंद पकडणं घरी जमतं. ड्रमर उत्साहात १२० वरून १२४ वर गेला की ते जमत नाही. टॅपचा फुटस्विच पेडलवरच आहे की बाहेरून जोडावा लागतो ते बघा. टॅप करून आठवी, डॉटेड आठवी असे भाग निवडता येतात का तेही तपासा. ते येत नसतील तर डॉटेड आठवीचीच गती पायाने मोजत टॅप करावी लागते आणि वाजवता वाजवता ते अवघड असतं.

फीडबॅक किंवा रिपीट नावाचा नॉब पडसादांची संख्या ठरवतो. प्रत्येक पडसाद आधीच्यापेक्षा निम्मा उरत असेल तर तो दर फेरीत ६ डेसिबलने खाली जातो आणि पाचव्या फेरीत ३० डेसिबल खाली असतो, म्हणजे जवळजवळ नाहीसा. नॉब फार वर नेला की पडसाद विरण्याऐवजी वाढत जातात आणि पेडल स्वतःच ओरडू लागतं. काहींना हाच परिणाम हवा असतो. नको असेल तर निदान तो नॉबच्या नेमक्या कोणत्या जागी सुरू होतो ते दुकानातच बघून घ्या.

पायरी ६ : रिव्हर्बच्या जाती

स्प्रिंग. आवाज तारेच्या स्प्रिंगांमधून पाठवून पलीकडच्या टोकाला उचलायचा. हॅमंड ऑर्गनमध्ये ही युक्ती आधीपासून होती. फेंडरने १९६१ मध्ये तिचा सुटा डबा काढला आणि डिक डेल व सर्फ संगीताने तो आवाज आपलासा केला. स्प्रिंगमध्ये वेगवेगळ्या कंपनसंख्या वेगवेगळ्या वेगाने जातात, म्हणून तुटक स्वरावर पाण्याच्या थेंबासारखा तो ओला टपटपीत आवाज येतो. पेडलमधला स्प्रिंग तपासायचा तर पाम म्यूट करून, म्हणजे तळव्याची कड तारांवर टेकवून, जोरात वाजवा. टपटप ऐकू आली तर तो खरा स्प्रिंगसारखा वागतोय. नुसतीच चकाकी ऐकू आली तर त्यात जीव नाही. ड्वेल नावाचा वेगळा नॉब असेल तर उत्तम, कारण तो स्प्रिंगांना किती जोराने ढकलायचं ते ठरवतो.

प्लेट. १९५७ च्या ईएमटी १४० मध्ये सुमारे दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद पोलादी पत्रा टांगलेला असे. घुमारा दाट, गुळगुळीत, लगेच सुरू होणारा. त्यात खोलीचा भास नसतो, म्हणून तो गिटारला दूर न ढकलता तिच्याभोवती चमक देतो. सोलो वाजवणाऱ्यांना मी हॉलपेक्षा प्लेटच सुचवतो.

रूम आणि हॉल. रूम बँडमध्ये सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित मोड आहे. घुमारा छोटा, अर्ध्या-पाऊण सेकंदाचा. ऐकणाऱ्याला रिव्हर्ब आहे हे कळत नाही, पण बंद केला की काहीतरी हरवल्यासारखं वाटतं. हॉल एकट्या गिटारवर राजेशाही वाटतो आणि बास, ड्रम, गाणं सुरू झालं की त्यांच्या खालच्या पट्टीत चिखल करतो. घ्यायचाच असेल तर त्याचा लो कट, म्हणजे खालची पट्टी कापणारा नॉब, तपासा.

शिमर. घुमाऱ्यात वरच्या सप्तकाचा आवाज मिसळत जातो. संगीत निर्माते ब्रायन ईनो आणि डॅनियल लॅन्वा यांनी १९८० च्या दशकात स्टुडिओत हा परिणाम रुजवला. ऐकताक्षणी मोह पडतो. फक्त शिमरसाठी पेडल घेण्याआधी तुमच्या किती गाण्यांत तो बसेल ते मोजा.

मोडच्या नावांपेक्षा मला दोन नॉब जास्त महत्त्वाचे वाटतात. एक प्री-डिले. स्वर वाजल्यानंतर घुमारा सुरू व्हायला किती मिलिसेकंद लागावेत ते तो ठरवतो. २० ते ४० मिलिसेकंद दिले की पिकचा आघात मोकळा राहतो आणि मोठ्या हॉलमध्येही स्वर पुढे उभा राहतो. हा नॉब नसलेल्या पेडलवर घुमारा कमी ठेवण्याशिवाय उपाय नसतो. दुसरा टोन. घुमाऱ्याची वरची धार कमी करता आली पाहिजे, विशेषतः गेन वापरत असाल तेव्हा.

पायरी ७ : पेडल साखळीत कुठे बसणार?

डिस्टॉर्शनच्या आधी डिले लावला तर काय होतं ते समजून घ्या. डिस्टॉर्शन मोठा आवाज दाबतं आणि लहान आवाज वर आणतं. विरत जाणारे पडसाद त्यात शिरले की पुन्हा मुळाइतके मोठे होतात. शिवाय आधीच्या कॉर्डचा पडसाद आणि नवी कॉर्ड एकत्र विकृत होऊन नको ते स्वर तयार होतात. त्यामुळे आधी ओव्हरड्राइव्ह-डिस्टॉर्शन, मग डिले, मग रिव्हर्ब हा क्रम धरा. अ‍ॅम्पचं डिस्टॉर्शन वापरत असाल तर डिले आणि रिव्हर्ब दोन्ही इफेक्ट्स लूपमध्ये जातात. हलक्या गेनवर, जुन्या पद्धतीने, टेप डिले अ‍ॅम्पच्या आधी लावलेला मला आवडतो, पण तो नियम कळल्यानंतरचा प्रयोग आहे.

लूपमध्ये लावणार असाल तर आणखी दोन गोष्टी तपासा. काही अ‍ॅम्पचा लूप लाइन लेव्हलचा, म्हणजे गिटारपेक्षा मोठ्या सिग्नलचा, असतो आणि गिटारच्या पातळीसाठी बनवलेलं पेडल त्यात फाटक्या आवाजात वाजतं. अ‍ॅम्पच्या मागे लेव्हलचा स्विच असेल तर तो खाली ठेवा. नसेल तर लाइन लेव्हल झेपणारं पेडल निवडा. दुसरं म्हणजे लूप पॅरलल (समांतर) आहे का. असेल तर मूळ आवाज अ‍ॅम्पमधून सरळ जातोच. पेडलनेही तो परत पाठवला तर दोन्ही एकमेकांत मिसळून पोकळ वाटू शकतात. अशा अ‍ॅम्पसाठी पेडलवर किल ड्रायची, म्हणजे मूळ आवाज बंद करून फक्त इफेक्ट पाठवायची, सोय हवी.

दोन अ‍ॅम्प नसतील, थेट रेकॉर्डिंगही करत नसाल, तर स्टिरिओसाठी जास्त पैसे देऊ नका. डावी-उजवीकडे उसळणारा पिंग-पाँग डिले एका स्पीकरवर साधा डिलेच असतो.

पायरी ८ : बायपास आणि वीज

पेडल बंद केल्यावर पडसाद तिथेच तुटावेत की आपोआप विरावेत? विरायला हवे असतील तर ट्रेल्सची सोय बघा. त्यासाठी पेडलला बंद अवस्थेतही वीज लागते आणि त्याचा बायपास, म्हणजे पेडल बंद असताना सिग्नल जातो तो मार्ग, बफर (सिग्नलला बळ देणारं सर्किट) असलेला असतो. ट्रू बायपासमध्ये सिग्नल सर्किट टाळून सरळ जातो, त्यामुळे पडसाद तुटतातच. ट्रू बायपास म्हणजे उच्च दर्जा, असं समजू नका. लांब केबल आणि बरीच पेडल्स असतील तर केबलच्या कपॅसिटन्समुळे वरची धार जाते आणि साखळीत एखादा चांगला बफर असणंच हिताचं असतं.

वीज हा कंटाळवाणा विषय आहे, पण बोर्डावरची निम्मी गुरगुर तिथूनच येते. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी आणि मधली पिन ऋण लागते. साध्या अ‍ॅनालॉग डिलेला थोडेच मिलिअँपिअर पुरतात, पण डिजिटल डिले आणि रिव्हर्ब १०० ते ३०० मिलिअँपिअर खाऊ शकतात. सप्लाय लागतो त्यापेक्षा जास्त मिलिअँपिअरचा असला तर धोका नाही, पेडल हवं तेवढंच घेतं. व्होल्ट मात्र नेमके हवेत. डिजिटल पेडल ओव्हरड्राइव्हसोबत एकाच वायरवर साखळीने जोडलं तर बारीक शिट्टी ऐकू येण्याची शक्यता असते. त्याला स्वतंत्र, आयसोलेटेड आउटपुट द्या.

पायरी ९ : दुकानात तपासताना

स्वतःची गिटार न्या आणि शक्यतो तुमच्या अ‍ॅम्पच्या जातीचाच अ‍ॅम्प मागा. मग या क्रमाने जा.

पेडल बंद ठेवून दोन मिनिटं वाजवा, मग केबल पेडलमधून काढून थेट अ‍ॅम्पला लावा. धार किंवा पातळी बदलली का ते ऐका. बंद पेडलने आवाज खराब होत असेल तर चालू केल्यावरचं सौंदर्य काय कामाचं?

आता चालू करा आणि मिक्स शून्यावर ठेवा. मूळ आवाज जसाच्या तसा आहे का? ज्या पेडल्समध्ये मूळ आवाज डिजिटल न होता सरळ जातो तिथे फरक जाणवणार नाही. स्पष्ट ऐकू येईल असा फरक असेल तर पेडल बाजूला ठेवा.

मिक्स हळूहळू वाढवा. पडसाद पहिल्यांदा कुठे जाणवतो आणि जास्त कुठे होतो, या दोन जागांमध्ये नॉबला किती फिरायला मिळतं ते बघा. काही पेडल्सवर सगळा कामाचा भाग नॉबच्या एका छोट्या तुकड्यात कोंबलेला असतो. स्टेजवर अंधारात असा नॉब नेमका लावता येत नाही.

वाजवताना तुमचं नेहमीचं संगीत वाजवा. एक तुटक रिफ, एक सावकाश कॉर्ड, एक सोलोचा तुकडा आणि तुम्ही नेहमी वापरता तेवढं गेन. संपूर्ण बँडचा एखादा ट्रॅक फोनवर लावून त्यावर वाजवता आलं तर फारच चांगलं. एकट्या गिटारवर भव्य वाटणारे आवाज ड्रम आले की कुठे जातात ते तिथेच कळेल.

पडसाद चालू असताना वेळेचा नॉब फिरवा. अ‍ॅनालॉग आणि टेपमध्ये स्वर वरखाली घसरतो, काही डिजिटलमध्ये तो तुटतो किंवा खटखटतो. टॅप टेम्पोही वाजवता वाजवता बदलून बघा. शेवटी उभं राहून पेडलवर पाय ठेवा. दोन स्विच इतके जवळ असतील की बुटाने दोन्ही दाबले जातात, तर ती अडचण कायमची आहे.

खोलवर लपलेल्या मेनूपेक्षा समोर असलेले नॉब मला नेहमीच बरे वाटतात. एकाच कार्यक्रमात चार वेगळ्या वेळा आणि वेगळे आवाज लागत असतील तर प्रीसेट घ्या. बाकीच्यांनी दोन-तीन चांगले मोड आणि हाताशी असलेले नॉब एवढंच बघावं. डिले आणि रिव्हर्ब एकाच डब्यात देणारं पेडल जागा वाचवतं. ते घेताना दोन्ही वेगवेगळे चालू-बंद करता येतात की नाही एवढं पाहा.

सोलो जास्त वाजवत असाल तर डकिंग असलेला डिले मुद्दाम ऐका. तुम्ही वाजवत असता तोवर तो पडसाद खाली दाबून ठेवतो आणि थांबलात की वर आणतो. स्वराला जागा ठेवण्याची याहून नेमकी सोय नाही.

वापरलेलं पेडल घेताना

फुटस्विच वीस-पंचवीस वेळा दाबा. एका दाबात दोनदा चालू-बंद होत असेल तर स्विच झिजलाय. प्रत्येक नॉब फिरवून खरखर ऐका, जॅकमध्ये केबल हलवून बघा, बॅटरीचा कप्पा असेल तर उघडून गंज पाहा. जुन्या अ‍ॅनालॉग डिलेत कमाल वेळेवर घड्याळाची बारीक शिट्टी येते का ते गिटार शांत ठेवून ऐका. थोडी असणं साहजिक आहे, मूळ आवाजाच्या मध्यभागी घुसणारी नको. जुनं पेडल किती व्होल्टवर चालतं आणि पिनची दिशा कोणती हे तळाच्या पट्टीवर वाचूनच सप्लाय लावा.

पायरी १० : घरी आणल्यावर

डिले असेल तर वेळ ४०० मिलिसेकंद, फीडबॅक दोन-तीन पडसादांपुरता आणि मिक्स पडसाद जाणवेल तेवढाच ठेवून सुरुवात करा. रिव्हर्ब असेल तर प्लेट किंवा रूम, घुमारा एक-दीड सेकंद, प्री-डिले ३० मिलिसेकंद आणि टोन मध्याच्या थोडा खाली. आठवडाभर हेच सेटिंग ठेवून वाजवा, म्हणजे बोटांना त्यात किती मोकळीक आहे ते कळेल.

बँडसोबत पहिल्यांदा वापराल तेव्हा सरावाचं रेकॉर्डिंग करा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला फोन ठेवून. अ‍ॅम्पजवळ उभं राहिल्यावर कानाला मूळ आवाज जास्त येतो, म्हणून आपण मिक्स नकळत वाढवत जातो. रेकॉर्डिंगमध्ये तुमच्या रिफचे स्वर कळत नसतील तर आधी मिक्स खाली घ्या, मग फीडबॅक, आणि तरीही धूसर असेल तर पडसादाचा टोन गडद करा. मोठ्या, घुमणाऱ्या सभागृहात रिव्हर्ब निम्म्यावर आणा किंवा बंदच करा. डिलेचा मिक्स मात्र साउंड चेकमध्ये कोणालातरी समोर उभं करून ठरवा.